इंदूताईंचं दुसरं व्याख्यान

इंदूताई पाळंदे कुणाला घाबरल्या आहेत, असं काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. गल्लीत सांड आडवा बसला की बाकीची मंडळी वळसा घालून जायची. ताई मात्र छत्रीचं टोक त्याला टोचून "ऊठ बाबा, तुला कामधंदा नसेल, मला आहे," असं चक्क मराठीत सुनवायच्या, आणि तो बनारसचा सांड असूनही उठायचा. शाळेच्या मॅनेजरनं एकदा कुण्या बड्या घरच्या मुलीचे मार्क वाढवायला सांगितले, तेव्हा त्यांनी उत्तरपत्रिका त्याच्यासमोर ठेवली आणि "आपणच तपासा, मीही शिकून घेईन" म्हणाल्या. मॅनेजरनं पुन्हा तो विषय काढला नाही.

अशा बाईच्या पोटात भीती कशी शिरली, त्याची ही हकीकत. ती काही फार मोठी नाही. तिच्यात कुणी मेलं नाही, कुणाला मारहाण झाली नाही, कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. खरं सांगायचं तर म्हणूनच ती आठवली की अंगावर काटा येतो.

ताईंचे वडील महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे तीर्थविधी करायचे. घरात पोथ्या, पळी-पंचपात्र आणि माणसांची सततची वर्दळ. ताई त्यातून इतिहासाकडे कशा वळल्या, तर एका भाडेकरणीमुळे. ताई बारा-तेरा वर्षांच्या असताना हेल्गा नावाची एक जर्मन मुलगी वरच्या खोलीत संस्कृत शिकायला म्हणून येऊन राहिली होती. ती आईच्या हातचा वरण-भात हातानं खायची आणि तुळशीला पाणी घालायची. एकदा ताईंनी तिला विचारलं, की तुझे वडील काय करतात. हेल्गा म्हणाली, छोट्या गावात पियानो शिकवायचे. फार चांगले होते. मग जरा थांबून म्हणाली, "त्यांनीही खिडकीत तो झेंडा लावला होता. मी मोठी झाल्यावर विचारलं, का लावला? तर म्हणाले, बाकी सगळ्या खिडक्यांत होता."

ते उत्तर ताईंच्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुढं त्यांनी इतिहासात एम.ए. केलं, मुलींच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. नववीच्या पुस्तकात जर्मनीचा धडा आहे. बाकीचे मास्तर तो दोन तासांत उरकतात आणि 'इम्पॉर्टंट क्वेश्चन' सांगून मोकळे होतात. ताईंचा तो धडा पंधरा-पंधरा दिवस चालायचा. मुली त्यांना 'जर्मनीवाली बहनजी' म्हणायच्या. लग्नाचं कुणी विचारलं तर "वेळच मिळाला नाही हो" असं म्हणून ताई हसायच्या. रिटायर झाल्यावर त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्याच राहू लागल्या, आणि मजेत होत्या.

त्या साली गणेशोत्सवात मंडळाच्या ढुंढिराज घाट्यांनी त्यांना दोन व्याख्यानं द्यायला सांगितली. ढुंढिराज म्हणजे ताईंचे लहानपणापासूनचे शेजारी, सत्तरीचे, दशाश्वमेधावर यजमानांची पूजा सांगणारे आणि मंडळाचं सगळं काही बघणारे. विषय ताईंनीच निवडला: शहाणा देश कसा बुडाला. पहिल्या व्याख्यानात परिस्थिती, आणि एक दिवस सोडून दुसऱ्यात माणसं. परिस्थिती सगळ्यांच्या वाट्याला आली होती, मग कोण कसं वागलं, हे ताईंना दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं. त्यांच्या लेखी खरं व्याख्यान तेच होतं. पहिलं नुसती प्रस्तावना.

इथं काशीतल्या मराठी घरांची एक सवय सांगायला हवी. मराठी ही त्यांची घरातली भाषा, आणि बाहेर ती आडोसा म्हणून वापरायची. साडीच्या दुकानात भाव पाडायचा की नाही हे नवरा-बायको दुकानदाराच्या नाकासमोर मराठीत ठरवतात. रिक्षात बसून रिक्षावाल्याचीच चेष्टा करतात. जे दुसऱ्याच्या कानावर पडू नये ते मराठीत बोललं की झालं. त्या दुकानदाराला बापजाद्यांपासून ऐकून ऐकून निम्मं मराठी कळतं, हे कुणी मनावर घेत नाही. त्यामुळे हॉलमध्ये आपलीच पन्नासेक माणसं, समोर गणपती, दार लोटलेलं आणि भाषा मराठी, म्हटल्यावर ताईंना आपण स्वयंपाकघरात बोलतोय असंच वाटलं.

आणि त्या बोलल्याही तशाच. म्हणाल्या, "तो देश अडाणी नव्हता. घरोघरी पुस्तकं होती, संगीत होतं. लढाई हरले, पण हरलो हे कुणी मान्यच करेना. सैन्य परक्या मुलखात उभं असताना हार कशी झाली? म्हणजे घरातल्याच कुणीतरी दगा दिला असणार, असं ठरलं. तहात मान खाली घालावी लागली. मग महागाई अशी आली, की जन्मभर काटकसर करून ठेवलेली पुंजी भाजी आणायलाही पुरेना. ज्यांनी नेमानं वागायचं तेवढंच केलं होतं, तेच बुडाले. जरा सावरतायत तोवर कामं गेली. संसदेत रोज भांडणं. सरकार हुकमावर चालायला लागलं आणि लोकांना त्याची सवय झाली. जे त्या होऊ घातलेल्या हुकूमशहाला अडवू शकले असते ते एकमेकांच्या उरावर बसले होते. आणि लक्षात घ्या, मोकळ्या निवडणुकीत त्याला निम्मी मतं कधीच मिळाली नव्हती. त्याला खुर्चीवर बसवलं ते जुन्या, मुरलेल्या पुढाऱ्यांनी. त्यांना वाटलं, हा आपल्या खिशात राहील."

मग त्या पाणी प्यायल्या आणि जरा खालच्या आवाजात पुढं सांगू लागल्या. "आता एक शिकलेला मुलगा डोळ्यांपुढे आणा. हाताला काम नाही. घरी बाप बोलत नाही, आई जास्तच प्रेमानं वाढते, तेही सहन होत नाही. अशा वेळी कुणीतरी येतं, त्याला एक शर्ट देतं, रांगेत उभं करतं आणि सांगतं, तुझं जे गेलं ना, ते अमक्यानं नेलं. त्या क्षणी त्या मुलाला काय वाटतं? राग? नाही. त्याला आनंद होतो. पहिल्यांदाच कुणीतरी त्याला बोलावलेलं असतं."

मग टाळ्या पडल्या. ताई प्रसादाचे मोदक घेऊन खुशीत घरी गेल्या.

पहिल्या रांगेत मालविका बसली होती. ती ताईंची जुनी विद्यार्थिनी, शेजारच्याच घरातली, आता बँकेत नोकरीला. ताईंवर तिचा भारी जीव. तिनं ते शेवटचं बोलणं फोनवर घेतलं होतं. घरी जाऊन तिनं त्याखाली हिंदीतून ओळी टाकल्या आणि 'हमारी बहनजी' असं लिहून ते सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकून दिलं. इतकं छान बोलणं आपल्याच चार घरांत का राहावं, एवढाच तिचा विचार. वाईट इच्छेनं कुणी काही केलं नाही, हेही सांगून ठेवतो.

सकाळी भाजीवाल्यानं पडवळ तोलता तोलता म्हटलं, "बहनजी, आपका भाषण देखा." ताईंना आधी बरंच वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की हा हसत नाहीये. उरलेले पैसे हातात देताना त्यानं मान खाली घातली होती.

घरी पोचतात तोच फोन वाजला. नंबर अनोळखी. "हॅलो" म्हटलं तर पलीकडे कुणी बोलेना. आणि मग ताईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "तुझं जे गेलं ना, ते अमक्यानं नेलं." तेवढंच वाक्य. ते संपलं, फोन बंद झाला. थोड्या वेळानं दुसऱ्या नंबरवरून तेच. पाचव्या फोननंतर ताईंनी मोबाइल उशीखाली ठेवला आणि पलंगावर बसून राहिल्या. आयुष्यभर वर्गात दुमदुमलेला आपला आवाज त्यांना त्या दिवशी परक्या बाईचा वाटला.

मालविका धावतच आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "मावशी, मी डिलीट केलं गं. पण लोगों ने सेव कर लिया है. मला वाटलंच नव्हतं..."

"अगं, पण मी कुणाचं नाव घेतलं का?" ताई म्हणाल्या. "इथलं एक अक्षर बोलले का? मी जर्मनीबद्दल बोलले!"

दुपारी दोघं जण आले. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. त्यातला बोलणारा सुशांत नावाचा, अठ्ठावीस-तिशीचा, चष्मेवाला, मऊ आवाजाचा. आत येताच तो वाकून ताईंच्या पाया पडला.

"बहनजी, मेरी माँ आपसे पढ़ी हैं. सुरेखा. सन नवासी का बैच. बहुत याद करती हैं आपको."

ताईंना सुरेखा आठवली. दोन वेण्या, अक्षर सुरेख. त्या नकळत हसल्या आणि चहाचं विचारलं.

"नहीं, बस आशीर्वाद लेने आए थे. मैं भी हिस्ट्री से एम.ए. हूँ. नौकरी तो, आप जानती हैं, पेपर होता है, लीक होता है, कैंसल होता है." तो खोलीभर नजर फिरवत होता. पुस्तकांवर, पलंगावर, गॅलरीच्या दारावर. "आपने लड़कों के बारे में जो कहा, हम लोगों को थोड़ी ठेस लगी."

"बेटा, मैंने तो जर्मनी की बात की थी."

"जी," सुशांत म्हणाला. "हम भी जर्मनी की ही बात कर रहे हैं."

दुसरा पोरगा फोन समोर धरून उभा होता, बहुधा सगळं घेत होता. ताईंना त्याला 'ठेव तो खाली' म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच राहिले. हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

"कल फिर है न आपका? हम ज़रूर सुनने आएँगे," सुशांत उठत म्हणाला. दारात थांबून त्यानं जिन्याकडे पाहिलं. "सीढ़ी पर बहुत अँधेरा है, बहनजी. अकेली रहती हैं, गिर जाएँगी. बल्ब लगवा लीजिए."

संध्याकाळी ताई मुद्दाम बाहेर पडल्या. घरात बसवेना. गंगा चढली होती, मुन्शी घाटाच्या बऱ्याच पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि नावा बांधून ठेवलेल्या होत्या. तिथं थोडा वेळ उभं राहून त्या परत आल्या, आपल्या जिन्याचं खालचं दार उघडलं आणि थबकल्या. जिन्यात लख्ख उजेड होता. भिंतीवर नवं होल्डर, नवी वायर, नवा बल्ब. दाराला त्यांनी स्वतः कुलूप लावलं होतं आणि स्वतःच ते आता उघडलं होतं.

कठड्याला धरून त्या एकेक पायरी चढल्या. दोन्ही खोल्यांत काहीही हललेलं नव्हतं. पुस्तकं जागच्या जागी, दुधाचं पातेलं झाकलेलं. काही गेलं असतं तर बरं झालं असतं, पोलिसात जाऊन सांगता तरी आलं असतं. आमच्या जिन्यात कुणीतरी दिवा लावला, ही तक्रार कोण लिहून घेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ढुंढिराज आले. बसले, पान काढलं, पुन्हा डबीत ठेवलं.

"इंदू, तुला कुणी बोलू नको म्हणत नाहीये हां. विषय तेवढा बदल."

"तुम्हाला कुणी येऊन भेटलं का?"

"नाही, नाही. कुणी काही म्हणालं नाही." ते घाईनं म्हणाले. "पण माहौल कसा आहे बघतेस ना. हॉल भाड्याचा. आपली मोजकी घरं. अडीचशे वर्षं झाली इथं येऊन, पण आहोत तर पाहुणेच. ते लोक आपल्याला आपलं मानतात, मग खामखा झंझट कशाला? घाटांवर बोल ना. आपल्या लोकांनी घाट बांधले, ते सांग. सगळ्यांना आवडेल."

"म्हणजे कुणी सांगितलं नाही, तरी आपणच बदलायचं?"

ढुंढिराजांनी ताईंकडे बघितलं नाही. "मी तुझ्यासाठीच म्हणतोय गं," म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांची नात त्याच गल्लीतून कॉलेजला जायची.

ते गेल्यावर ताईंना संताप आला. आता मी बोलणारच, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. टिपणं काढली, वाचायला बसल्या. त्या व्याख्यानात हेल्गाचे वडील होते. ज्याच्या दुकानातून वर्षानुवर्षं सामान आणलं त्याच्याच समोरून मान वळवून जाणारे शेजारी होते. नवं सरकार मागायच्या आत स्वतःहून जुनी पुस्तकं कपाटातून काढून टाकणारे मास्तर होते. ताईंचं एक लाडकं वाक्य होतं, की ती माणसं भीतीनं गप्प झाली नव्हती, आधी गप्प झाली आणि मग त्यांना भीती वाटायला लागली. वर्गात त्या हे ठासून सांगायच्या. आज वाचताना ते त्यांना अगदी पोरकट वाटलं. लिहिणाऱ्या बाईला भीती म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, इतकाच त्याचा अर्थ.

दुपारी मालविका आली. चेहरा उतरलेला, पण हट्टी. "मावशी, तू बोलशील ना? मी पहिल्या रांगेत बसेन. तू बोलली नाहीस ना, तर मला आयुष्यभर वाटेल की मेरी वजह से चुप हो गईं."

"बोलेन," ताई म्हणाल्या. आणि त्या क्षणी त्यांना खरंच तसं वाटत होतं.

संध्याकाळी हॉल भरला होता. नेहमी पन्नास डोकी, त्या दिवशी शंभराच्या वर. तिसऱ्या रांगेत सुशांत बसला होता, कपाळावर गणपतीपुढचं कुंकू, हातात प्रसादाचा द्रोण. त्याच्या आजूबाजूला त्याच्याच वयाची बरीच मुलं. कुणी दंगा करत नव्हतं. मराठी बायकांना बसायला जागा करून देत होती. ढुंढिराजांनी प्रास्ताविक केलं, त्यात विषयाचं नावच घेतलं नाही.

ताई उभ्या राहिल्या. मालविका समोर होती. तिनं हलकेच मान हलवली.

"परवा मी परिस्थिती सांगितली," ताई म्हणाल्या. "आज माणसांबद्दल..."

तिसऱ्या रांगेत एकदम बरेच फोन वर झाले. आवाज काहीच नाही. नुसते फोन, आणि प्रत्येकात एक छोटी इंदूताई.

ताईंचा आवाज निघाला तो स्वच्छ, वर्गातला. "आज माणसांबद्दल बोलायचं. ज्या माणसांनी हे घाट बांधले, त्यांच्याबद्दल."

आणि मग त्या बोलत गेल्या. पेशवाईत दशाश्वमेध कसा पुन्हा बांधला गेला, दगड कुठून आले, मराठी घराणी इथं कशी येऊन वसली. सुरेख बोलल्या. पन्नास वर्षांचा अभ्यास होता, त्याला काय कमी? मध्येच हिंदीतही सांगू लागल्या, सगळ्यांना समजावं म्हणून. लोक हसले, माना डोलावल्या. शेजारणींच्या जिवात जीव आलेला ताईंना वरून दिसत होता. ढुंढिराजांचे डोळे भरून आले होते. मालविका कधी उठून गेली, ते ताईंना कळलं नाही. बघितलं तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती.

टाळ्या थांबेनात. तिसरी रांग सगळ्यांच्या आधी उभी राहिली.

सुशांत पुढं आला, पुन्हा पाया पडला. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. तो खरोखर खूश झाला होता. "बहनजी, आप जैसे लोग ही तो चाहिए. इतवार को हमारा कार्यक्रम है, लड़कियों के लिए. चार शब्द बोल दीजिए. विषय हम बता देंगे."

ढुंढिराज शेजारीच होते. बायका थांबून बघत होत्या. नको म्हणायला कितीतरी कारणं होती. वय, गुडघे, तब्येत, कुठलंही चाललं असतं. सुशांतनंही आग्रह धरला नव्हता, तो अदबीनं वाट बघत होता.

"आऊँगी," ताई म्हणाल्या.

आणि तो समाधानानं वळून निघणार, तोच त्यांनी त्याला थांबवलं आणि हात जोडून म्हणाल्या, "बेटा, परसों मुझसे ग़लती हो गई थी. जिन्होंने वो वीडियो देखा, वो लोग भी सुनें, इसलिए इतवार को यही सबके सामने कहूँगी."

हे त्यांच्याकडे कुणीही मागितलं नव्हतं.